सत्तावीस मेचा दिनविशेष

मारोतराव लांजेवार भिलाई स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं काहीही वाईट झालं नव्हतं. त्यांच्या हातून काहीच झालं नव्हतं, हे त्याचं कारण बेबीताई सांगत. बेबीताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. नवरा घरात असणं आणि नवरा दिवसभर घरात असणं यांतला फरक त्यांना चार वर्षांत पुरता कळला होता. त्यामुळे एका सकाळी मारोतरावांनी "मंडळाच्या फळ्यावर काहीतरी लिहीत जाईन म्हणतो" असं म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही, हातात छत्री दिली आणि दार लावलं. दिवस फेब्रुवारीचे होते. छत्रीचं काय करायचं ते मारोतरावांना हुडको कॉलनीच्या चौकापर्यंत कळलं नाही.

हुडकोतल्या दुकानांच्या ओळीच्या टोकाला मराठी मित्र मंडळाची खोली आहे. आत चोवीस खुर्च्या, थर्माकोलचं एक मखर आणि एक माईक, जो फक्त शिट्टी मारतो. बाहेरच्या भिंतीवर काळा फळा. त्यावर दीड वर्षापासून "हळदीकुंकू शनिवारी ५ वाजता" असं लिहिलेलं होतं. तो शनिवार कोणता, हे सांगायला मंडळात कोणी तयार नव्हतं. मारोतरावांनी तो पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "आजचा दिनविशेष, ४ फेब्रुवारी. १६७०: सिंहगडावर तानाजी मालुसरे यांना वीरमरण. १९५९: भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरु."

चार पावलं मागे येऊन त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तानाजी आणि ब्लास्ट फर्नेस! दोघांचा दिवस एक! छत्तीस वर्षं प्लांटमध्ये घासूनही ही गोष्ट आपल्याला माहीत नसावी? मधल्या दोनशे एकोणनव्वद वर्षांना ओलांडून सिंहगडाचा वारा थेट आपल्या मिलमध्ये शिरला आहे, असं त्यांना वाटलं. छत्री काखेत मारून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी "सुरु"वर लाल खडूने काट मारून कोणीतरी "सुरू" केलं होतं. हे काम नरहरी मास्तरांचं, हे सगळ्या हुडकोला न सांगता कळलं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले असले तरी लाल रंगातून झालेले नव्हते. त्या दिवसापासून मारोतराव सकाळी सातला पांढऱ्या खडूने इतिहास लिहीत आणि मास्तर साडेसातला लाल खडूने तो दुरुस्त करत. कधी साल चुकलेलं असे, कधी वेलांटी. एकदा तर मारोतरावांनी एका शास्त्रज्ञाला जन्माच्या पाच वर्षं आधीच मारलं होतं. मास्तरांनी तिथे नुसतं उद्गारचिन्ह काढलं. ते मारोतरावांना दोन दिवस झोंबत होतं.

तरीही फळा चालला. दूध घ्यायला आलेली माणसं थांबून वाचू लागली. मराठी न येणारेही वाचू लागले आणि "आज कौन गया?" असं विचारू लागले. मग एक दिवस मंडळाचे सेक्रेटरी भय्याजी आले. भय्याजींना प्रत्येक चालत्या गोष्टीला एक धक्का द्यायची सवय आहे.

"मारोतराव," ते म्हणाले, "निस्ते जगातलेच लोक कावून लिहून राहिले जी? आपले लोक का जन्माले नाही आले? आपल्या मेंबरचे जन्म टाका, गेलेल्यांचे दिवस टाका. मंग पहा फळ्याले कशी रौनक येते."

मारोतरावांना ते एकदम पटलं. इथेच चुकलं, असं ते आता म्हणतात. सल्ला भय्याजींचा होता, पण पटलं ते आपल्याला, हेही ते प्रामाणिकपणे जोडतात.

त्यांनी फॉर्म वाटले: नाव, जन्मतारीख, घरातल्या दिवंगतांची पुण्यतिथी. एकसष्ट फॉर्म परत आले. त्यांतल्या अडतीस जणांचा जन्म एक जुलैचा होता. मारोतराव चष्मा पुसून पुन्हा मोजत बसले. भंडारा, गोंदिया, साकोली, लाखांदूर, सगळ्या पूर्व विदर्भात बायका जणू ठरवून एक जुलैला बाळंत झाल्या होत्या. बेबीताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "त्यात काय नवल? शाळेत टाकाले नेलं का मास्तर विचारे, जन्म कवाचा? बाप म्हणे, मले काय मालूम. मास्तर लिहे, एक जुलै. माही बी तेच आहे. तुमची बी तेच आहे."

मारोतरावांची पण तीच होती. पण हे त्यांना इतिहासाच्या दृष्टीने फारच लाजिरवाणं वाटलं. तीनशे चौसष्ट दिवस फळा ओस आणि एका दिवशी अडतीस जण! शिवाय ही सगळी शाळेतल्या मास्तरांनी जन्माला घातलेली माणसं. खरी जन्मतारीख शोधलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि वही घेऊन ते घरोघरी म्हाताऱ्या बायकांना भेटू लागले.

ते दिवस फार सुखाचे गेले. कोणी सांगे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची बोंब चालू होती तेव्हा. कोणी सांगे, पुराच्या साली, गाय व्याली त्याच सकाळी. मंडळातल्या गुलाबरावांच्या आईने आपली तिन्ही मुलं धानाच्या रोवण्याच्या वेळची असल्याचं सांगून वर "आता कोणती कोणत्या साली ते तुमीच पहा" असं काम लावून दिलं. मारोतराव जुनी पंचांगं उलटीपालटी करत आणि तारीख सापडली की घरी येऊन जेवणाआधी सांगत. बेबीताई म्हणत, "हात धुवा."

याच फेरीत ते एप्रिलअखेर सेक्टर दहामध्ये देवीदास कापगतेच्या क्वार्टरवर गेले.

देवीदास त्यांचा जुना जोडीदार. दोघं साकोलीकडचे, गावं चार कोसांवर. देवीदास मिलमध्ये नवा लागला तेव्हा मारोतरावांनी त्याला गरम सळीपासून किती लांब उभं राहायचं ते शिकवलं होतं. तो अजून नोकरीत होता, त्या दिवशी त्याची सकाळची ए शिफ्ट होती, आणि त्याची बायको वंदना बाजारात गेली होती. घरी फक्त त्याची आई ठकूबाई होती. वय ऐंशीच्या घरात, कान शाबूत, दात दोन, स्मरणशक्ती अशी की मारोतरावांच्या लग्नात वरणात मीठ कमी होतं हेही तिला आठवत होतं.

"देवीदास कधी झाला, मावशी? खरं सांगा. शाळेतलं नाही."

ठकूबाईने पदर सावरला. ही गोष्ट ती दरवर्षी सांगत असे, पण विचारून लिहून घेणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

"नेरू गेला ना बाप्पा, त्या दिवशी," ती म्हणाली. "उन्ह असं का पायाले फोड यावं. मले सकाळपासून कळा. सुईन आली, बसली. दुपारी पाटलाच्या इथून पोट्टे बोंबलत आले, रेडिओत सांगून राहिले, नेरू गेला. समदं गाव पाटलाच्या आंगणात. माही सुईन बी उठली. म्हणे, आयकून येतो. अवो, मी म्हटलं, त्याले जाचं होतं ते गेला, हा येऊन राहिला ना! पण गेली. मी एकटी. देवीदास झाला आन् असा रडला, असा रडला, का भाईरचे लोक म्हणत, पहा, कापगत्याची सून बी रडून राहिली नेरूसाठी."

मारोतराव हसता हसता लिहायचे थांबले.

"मंग त्याचा बाप आला. डोळे लाल. मी म्हटलं, पोरगा झाला. तो म्हणे, पंडितजी गेले. मी म्हटलं, आयकलं, पण पोरगा झाला. मंग तो खाली बसला आन् दोन्हीसाठी रडला." ठकूबाईने वहीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी गावात चूल नाही पेटली. मले बाळंतिणीले बी कोनी पेज नाही देल्ली. पण मी काही बोलली नाही. मोठा दिवस होता."

मारोतरावांनी वहीत लिहिलं: २७ मे १९६४. त्याखाली दोन रेघा मारल्या. असा जन्म त्यांच्या सगळ्या वहीत दुसरा नव्हता.

सत्तावीस मेला ते पावणेसातलाच फळ्यापाशी हजर झाले. रमाबाई आंबेडकर यांचं १९३५ मधलं निधन लिहिलं. पंडित नेहरूंचं निधन लिहिलं. आणि त्याखाली, रंगीत खडूने चौकट करून, मोठ्या अक्षरात: "१९६४: याच दिवशी आपले सर्वांचे लाडके श्री. देवीदास कापगते, सेक्टर १०, यांचा जन्म. आज त्यांनी ६१ वर्षे पूर्ण केली. अभिनंदन!" नरहरी मास्तर साडेसातला आले, वाचलं, आणि त्यांना लाल खडू वापरायला जागाच मिळाली नाही. भय्याजींनी मोबाईलवर फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पुढे तो कुठे कुठे गेला त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

अकराच्या सुमारास देवीदासची मोटरसायकल फळ्यासमोर थांबली. तो हेल्मेट काढायचंही विसरला होता.

"मारोतराव, मी किती सालचा?"

"चौसष्ट!" मारोतराव हसत म्हणाले. "तुले स्वतःले माहीत नसन, मावशीनं सांगितलं. नेहरूंच्या—"

"आन् प्लांटात साठाव्या वर्षी काय होते?"

"रिटायर होते."

"मंग मी रिटायर कावून नाही झालो?"

मारोतरावांनी वळून फळ्यावरचं साल पुन्हा वाचलं. देवीदासच्या कागदावर शाळेतली एक जुलै होती, आणि सालही तिथल्या मास्तरांनी बापाकडे बघून अंदाजाने घातलेलं, १९६६. त्या हिशेबाने त्याची अजून वर्षाहून जास्त नोकरी बाकी होती. त्याची थोरली मुलगी रोशनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. क्वार्टर नोकरीबरोबर जाणार होतं आणि गावाकडे आता एक पडकी भिंत सोडून काही नव्हतं. आणि हुडकोच्या भर चौकात, रंगीत चौकटीत, तो गेल्या मेमध्येच रिटायर व्हायला हवा होता असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

"पुसा," देवीदास म्हणाला.

मारोतरावांनी ओल्या फडक्याने पुसलं. फळा जुना होता. वाळल्यावर अक्षरं आणखी ठळक दिसू लागली, आणि आधी ज्यांनी वाचलं नव्हतं ते आता जवळ जाऊन वाचू लागले. मारोतरावांनी मग दुसऱ्या दिवशी फार विचार करून, रात्री कच्चं लिहून, खुलासा दिला: "कालच्या फलकात नमूद केल्याप्रमाणे श्री. देवीदास कापगते यांचा जन्म झालेला नाही. वाचकांनी नोंद घ्यावी." हा फोटो तर ग्रुपवर पहिल्यापेक्षा जास्त फिरला. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून एका मेंबरने फोन करून देवीदासच्या घरी दुःख व्यक्त केलं.

पंधरा दिवसांनी प्लांटच्या पर्सोनेल विभागातून देवीदासला चिठ्ठी आली. कोणीतरी निनावी अर्ज केला होता आणि सोबत फळ्याचे दोन्ही फोटो जोडले होते. कोणी, ते आजवर कळलं नाही. मारोतरावांनी बराच काळ हुडकोतल्या प्रत्येक माणसाकडे त्या नजरेने पाहिलं, आणि शेवटी, अर्ज कोणीही केला असला तरी त्यातला मजकूर आपल्या अक्षरात होता, इथे येऊन थांबले.

सल्ले सुरू झाले. भय्याजी म्हणाले, फळा आपला नव्हेच म्हणून सांगा. गुलाबराव म्हणाले, दुसरा देवीदास कापगते शोधा. बेबीताई म्हणाल्या, "तुमी आता कोनाचंच काही नका शोधू." देवीदास फक्त एवढं सांगून गेला, की फळा लिहिणाऱ्यालाही बोलावलं आहे.

मारोतराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. साहेब तरुण होता, सभ्य होता, आणि त्याने चहाही विचारला. "अंकल, ये आपने लिखा?" मारोतरावांनी मान्य केलं. "जानकारी पक्की थी?" मारोतरावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. दोन-अडीच महिने उन्हातान्हात पंचांगं चाळून, पंचवीस म्हाताऱ्यांकडून, एकेक तारीख त्यांनी खरी करून आणली होती. त्यांच्या आयुष्यात याहून पक्कं त्यांनी काही केलं नव्हतं.

"नाही सर," ते म्हणाले. "मेरा सब गलत रहता है."

ते त्यांना लिहून द्यावं लागलं. "माझ्या फलकावरील माहिती विश्वसनीय नसते." आणि पुरावा म्हणून नरहरी मास्तरांच्या सहीची यादी जोडावी लागली: फेब्रुवारी ते मे, चुका एकूण त्रेचाळीस, तारीखवार. मास्तरांनी ती एका संध्याकाळी, शुद्ध हस्ताक्षरात काढून दिली, आणि देताना प्रथमच मारोतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. जन्माआधी मेलेला शास्त्रज्ञ यादीत पहिल्याच नंबरवर होता. साहेबाने ती वाचली आणि त्याला हसू आवरेना. मारोतरावही त्याच्याबरोबर हसले. मित्रासाठी माणसाला काय काय करावं लागतं, असा विचार करून त्यांनी मनाची समजूत घातली. आपल्याला यात सगळ्यांत जास्त सोसावं लागलं, असं त्यांना परतताना वाटत होतं. ते आणखी चारच दिवस वाटलं.

चार दिवसांनी साहेब आणि एक बाबू सेक्टर दहाला ठकूबाईचा जबाब घ्यायला आले. तिला ऑफिसात बोलावणं बरं दिसणार नाही म्हणून ते स्वतः आले, एवढे ते चांगले होते. देवीदासने साक्षीला मारोतरावांना बसवलं. ठकूबाईने नवं लुगडं नेसलं होतं. ती खुर्चीवर बसायला तयार नव्हती, साहेबाने हात धरून बसवलं.

"अम्मा, आपका बेटा किस दिन पैदा हुआ?"

"मास्तरनं लिहला, त्या दिवशी."

"आपको याद नहीं?"

"नाही, बाबू."

साहेबाने फोटो समोर धरला. "यहाँ लिखा है, नेहरूजी जिस दिन गुज़रे."

ठकूबाईने फोटो हातात घेतला, उलटा, मग सुलटा. देवीदास जमिनीकडे बघत होता. वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातातली वाटी तशीच.

"कोन नेरू?" ठकूबाई म्हणाली.

बाबू फस्सकन हसला. साहेबही हसला, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याचं हसू मध्येच राहिलं. त्याने मान खाली घालून लिहायला घेतलं. कागदावर तिचा अंगठा घेतला. "ठीक है अम्मा, बस," असं म्हणून तो उठला आणि जाताना वाकून नमस्कार करून गेला. शाळेच्या दाखल्याशिवाय दुसरा आधार आढळत नाही, असं पत्र महिन्याभरात देवीदासच्या हातात आलं. प्रकरण बंद.

देवीदासने फोन करून कळवलं. "झालं," एवढंच म्हणाला. पूर्वी तो "झालं ना, भाऊ" म्हणाला असता. मारोतराव फोन कानाला लावून बराच वेळ त्या शब्दाची वाट पाहत राहिले.

फळा त्यांनी सोडला. तिथे आता भय्याजी लिहितात. मारोतरावांनी वहीसुद्धा कपाटात वरच्या फळीवर टाकली. नवरा दिवसभर घरात असूनही बेबीताईंनी कधी छत्री हातात दिली नाही; त्यांना सगळं कळलं आहे, हे मारोतरावांना एवढ्यावरून समजलं.

सप्टेंबरात, देवीदासची शिफ्ट बघून, मारोतराव पुन्हा सेक्टर दहाला गेले. माफी मागायची होती. देवीदासची मागता आली असती, पण तो घरी असताना त्यांना जिना चढवला नसता. ठकूबाई गॅलरीत चिंचा फोडत बसली होती. वंदनाने चहा दिला आणि ती आत गेली.

"मावशी," मारोतराव म्हणाले, "माह्यानं मोठी चूक झाली. तुमाले त्या लोकाईसमोर असं म्हणा लागलं."

"कसं?"

"तेच. नेहरूंचं. देवीदासच्या जन्माचं."

ठकूबाईने चिंचोका बाजूला टाकला. "मले काही आठवत नाही, बाप्पा."

मारोतराव हसले. दार बंद होतं, वंदना आत होती, खाली रस्त्यावर एक सायकलवालासुद्धा नव्हता. म्हातारी आता हसेल, डोळा मिचकावेल, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती चिंचा फोडत राहिली.

"आता कोनी नाही इथं, मावशी. आपण दोघंच आहो."

"मालूम हाय."

"मंग सुमनचं? तुमच्या पोरीचं? ती कवा झाली ते तर सांगता येईन. तिची काही नोकरी नाही."

"ते बी नाही आठवत."

"आन् देवीदासचे बाबा गेले तो दिवस? त्यांची तेरवी मीच—"

"तो बी नाही." तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे वर बघितलं. राग नव्हता. लहान मुलाला समजावताना असतो तसा आवाज होता. "एक आठवते म्हटलं, तर लोक म्हणतीन, मंग दुसरा कसा नाही आठवत, बुढे? म्हणून मी समदेच इसरली. समदे धरून इसरलं का सोपं जाते."

मारोतरावांच्या हातातला चहा निवला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणाला काही विचारावंसं वाटेना.

"देवीदास रिटायर होऊ दे पुढच्या साली," ठकूबाई म्हणाली, आणि पुन्हा चिंचेकडे वळली. "मंग सांगन. तवरोक राहिली तर."